काडु आणि काढू

बंगळुरात सव्वीस वर्षं काढली, तरी एका रविवारी सकाळी मी ‘काडु’चं ‘काढू’ ऐकलं आणि करवंदीची अख्खी जाळी कोयत्यानं साफ केली.

जे. पी. नगरच्या पलीकडे, आमच्या वसाहतीमागे, उजाड रानाचा एक तुकडा आहे. आधी तिथली जुनी झाडं गेली, मग निलगिरी लावली, मग तीही तोडून नेली. वसाहतीतल्या आम्हा चारसहा हौशी लोकांनी तिथं पुन्हा रान उभं करायचं ठरवलं. खरं काम मात्र एक अक्का करायच्या. त्यांचं घराणं कित्येक पिढ्या इथलंच. बोलतात मराठी, पण त्यात निम्मं कन्नड. मी मूळचा पुण्याचा, तेव्हा कुणाचंही मराठी आपल्याला कळतं, अशी माझी समजूत.

त्या दिवशी अक्का लांब रोपांना आळी करत होत्या. मी जाळीकडे कोयता दाखवून ओरडलो, “अक्का, याचं काय करायचं?”

“काडु, अण्णा! ते काडु!”

“सरी, सरी!” असा कन्नडमध्ये होकार दिला आणि लागलो कामाला.

कन्नडमध्ये काडु म्हणजे रान. हे आपोआप आलेलं रान आहे, हात लावू नका, असं त्या सांगत होत्या. दीड तासात जाळी भुईसपाट झाली. मधोमध गुडघाभर उंचीचं एक रोप निघालं. ते मी राखलं आणि त्याचा फोटोही काढला.

अक्का आल्या आणि कपाळाला हात लावून खालीच बसल्या. “अय्यो! माझं श्रीगंध!”

“चंदन आहे? मग बरंच झालं की. मोकळं झालं बिचारं.”

“मोकळं कसलं? जेवणाचं ताट ओढलं तुमी त्याच्या पुढचं!”

मग त्यांनी समजावलं. चंदनाचं मूळ शेजारच्या झाडाच्या मुळाला चिकटतं आणि तिथून खातं-पितं. शेजारी गेला की ते वाळतं. पाखरं करवंदीवर बसून बी टाकतात, ऊन जाळी अडवते, शेळ्या काट्यांना भिऊन लांब राहतात. अक्कांच्या लहानपणी या रानात चंदन होतं. त्यानंतर आपल्या पायांनी परत आलेलं हे पहिलंच रोप. तीन उन्हाळे त्यांनी ते कुणाला न सांगता सांभाळलं होतं. सांगितलं असतं तर आमच्यापैकी कुणीतरी त्याच्याभोवती ‘स्वच्छता’ केली असती, हे त्या बोलल्या नाहीत.

“मुळं पण खणलीत?”

“नाही. कंबर धरली. पुढच्या रविवारी खणणार होतो.”

“देवानंच धरली म्हणा!”

तोडलेले सगळे काटे मी हातांनी उचलून रोपाभोवती परत रचले. जवळ तूर पेरा, ती लवकर वाढते, तोवर हे तिच्या मुळावर जगेल, असं अक्का म्हणाल्या. मी घरी जाऊन डाळीचा डबा उचलला. “डाळ पेरून कधी काही उगवलंय का?” असं म्हणत बायकोनं अख्खी तूर शोधून दिली आणि मग सगळी हकिगत काढून घेतली.

रोपाची पानं पिवळी पडली, काही गळली. मी रोज ऑफिसला जायच्या आधी बाटलीभर पाणी घेऊन तिथं हजर. “स्वल्प घाला,” अक्का म्हणायच्या, “आता काय बुडवून मारता?” त्या रोपाकडे बघायच्या, मी त्यांच्या तोंडाकडे.

मधल्या काळात इथल्या मराठी मंडळानं अठरा वर्षांच्या कामाबद्दल माझा सत्कार केला. अध्यक्ष म्हणाले, हे मंडळासाठी चंदनासारखे झिजले. टाळ्या पडल्या. मला त्या पिवळ्या पानांची आठवण झाली आणि शाल जरा टोचलीच.

सत्कारानंतरच्या रविवारी बायकोही रानात आली. दोन महिन्यांत तूर रोपाच्या खांद्याला लागली होती. करवंदीच्या बुडख्यांना तांबूस फुटवे आले होते. चंदनाच्या शेंड्याला दोन नवी पानं होती, नखाएवढी. अक्कांनी ती वाकून पाहिली, बोटानं हळूच उलटी करून पाहिली, आणि “सरी,” एवढंच म्हणाल्या. कोयता मात्र त्यांनी अजून मला परत दिलेला नाही.

बायको बराच वेळ बघत उभी होती. गेली अठरा वर्षं मंडळाच्या गणपतीचे मोदक आमच्याच स्वयंपाकघरात होतात. परत येताना ती म्हणाली, “अध्यक्ष चंदन म्हणाले ते बरोबरच होतं हो. मुळं कुणाच्या ताटात आहेत, तेवढं सांगायचं राहिलं त्यांचं.”