बाउरो आजोबांची विडी आणि आईची जागा

आमच्या तारावा बेटावरून फिजीतल्या नांदीला जाणाऱ्या विमानात रोतिया हवाईसुंदरी होती. सुंदरी आपली नावापुरती. निम्मी नोकरी उलट्यांच्या पिशव्या उचलण्यात आणि उरलेली संडासात विडी ओढणाऱ्यांना बाहेर काढण्यात गेली. आमचे पुरुष केवड्याच्या पानात तंबाखू वळून, ती कानावर खोचूनच विमानात चढतात. खाली नुसता समुद्र, आत हातपुसण्या कागदांची टोपली, आणि वर यांचं म्हणणं, "एवढुशा विडीनं काय होतंय पोरी?"

त्या दिवशी धुराचा भोंगा वाजला तेव्हा संडासात बाउरो आजोबा होते. तिच्याच गावचे. मानेआबात, म्हणजे गावच्या सभाघरात, पहिला शब्द त्यांचा. त्यांच्यापुढून जाताना बायका कमरेत वाकतात. रोतियानं दार ठोठावलं.

"आजोबा, विडी विझवा आणि बाहेर या."

"तू तेकाईची नात ना? तुझ्या आज्याला विडी वळायला मी शिकवलं."

"शिकवलं असेल. आधी विझवा."

त्यांनी विझवली, ती कागदांच्या टोपलीत. कागद पेटले. रोतियानं पाण्याचा जग उपडा केला. आग विझली आणि आजोबा छातीपासून गुडघ्यापर्यंत भिजले. सगळं विमान माना वळवून बघत होतं.

आदल्याच महिन्यात पुढच्या रांगेतल्या परदेशी सल्लागारानं हाच उद्योग केला, तेव्हा कॅप्टन म्हणाला होता, "जाऊ दे, मोठा माणूस आहे." आज म्हणाला, "नियम म्हणजे नियम. तक्रार लिही." तिनं लिहिली. नांदीला पोलिसांनी आजोबांना ओल्या कपड्यांनिशी दिवसभर बाकावर बसवून ठेवलं.

पुढच्या सभेला रोतियाची आई गेली, तर तिच्या घराण्याच्या जागेवर दुसऱ्याचीच चटई. कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे बोलत नाहीत, नुसती चटई पसरतात. बाई तीन सभा बाहेर, डुकरांच्या कुंपणापाशी बसली.

"माझं काय चुकलं, सांग ना," रोतिया म्हणाली.

"काही नाही. पण तुझा नियम वर आकाशात. मला खाली बसायचंय."

चुकलेल्यानं मान खाली घालून वडीलधाऱ्यांपुढं तंबाखू ठेवायची, ही रीत. जिच्यापायी माणूस विमान जाळायला निघाला होता, तीच तंबाखू रोतियानं दुकानातून आणली आणि भर मानेआबात आजोबांपुढं ठेवली. आजोबांनी हुंगली.

"ओली नाही ना गं?"

मानेआबा खदखदून हसला. रोतियाही हसली, न हसून करते काय. आईची चटई त्याच दुपारी जागेवर आली.

विमानाच्या पुढच्या फेरीत एक म्हातारा उठला. विडी कानावर, काडेपेटी मुठीत. रोतियानं नीट पाहिलं. म्हातारा संडासात शिरला, आतून कडी लागली. तिनं चहाची गाडी पुढच्या रांगेकडं वळवली.

"साखर किती घालू?" तिनं विचारलं.