रंगनाथचा बादशहा

मखमलाबादच्या रंगनाथला घरात कुणी विचारत नसे, म्हणून तो पंचवटी कारंजाजवळच्या व्हिडिओ गेम पार्लरात जाऊन शहाणा व्हायचा. नाव व्हिडिओ गेमचं, पण आत सगळ्या पत्त्यांच्या मशिनी. पडद्यावर पाच पत्ते पडतात. हवे ते होल्ड करायचे, नको ते बदलून घ्यायचे, एकसारखे पत्ते जुळले की पैसे, एवढाच खेळ. कोणते धरायचे नि कोणते सोडायचे हे रंगनाथ दुसऱ्यांच्या खांद्यावरून सांगे, आणि स्वतः रोज हरून येई. असा उंटावरचा शहाणा अख्ख्या नाशकात सापडला नसता.

त्याची बायको लंकाबाई बारा वर्षं पंचवटीत रस्त्याच्या कडेला गोणपाटावर बसून फुलं विकत होती. पहाटे शेवंतीचा ढीग पुढ्यात ओतायचा नि निवडायचा. पाकळी ढिली पडलेलं फूल काल कितीही देखणं असो, बाजूला. रंगनाथ मदतीला बसला की तीच फुलं उचलून परत पाटीत टाकी. "लय मोठं हाय गं, राहू दे." त्याला काही म्हणून टाकवत नसे. बंद रेडिओ, काड्या मोडलेली छत्री, मेलेल्या बैलाची घुंगरं, सगळं माळ्यावर. लंकाबाईला पूर्वी त्याची कीव यायची. आता नुसता वीट आला होता.

अठ्ठ्याण्णव साली नव्या मंडईत ओटे वाटायचं ठरलं. ऊन, पाऊस, रोजची हुसकाहुसकी, सगळ्यातून सुटका. लंकाबाईनं स्वतःच्या नावानं अर्ज केला, पावती आणली, आणि रंगनाथनं ती लगेच खिशात घातली. सरकारी कागद बायामाणसांनी सांभाळायचा नसतो म्हणे! वाटपाच्या दिवशी अकराला नावं पुकारणार होते. पावती दाखवली नाही तर ओटा पुढच्याला. लंकाबाई आणि तिची कॉलेजात जाणारी मुलगी सुवर्णा नऊपासून रांगेत उभ्या होत्या. साडेदहा झाले तरी रंगनाथ उगवला नाही.

तो कुठं असेल हे सांगायला ज्योतिषी नको होता. सुवर्णाला रांगेत ठेवून लंकाबाई तडक पार्लरात शिरली. बाई आत आलेली बघून दोघातिघांनी विड्या विझवल्या.

रंगनाथ मशीनला चिकटून बसला होता. पडद्यावर दोन राण्या, एक बादशहा आणि दोन फुटकळ पत्ते. त्यानं राण्या होल्ड केल्या होत्या, आणि बादशहाही.

"पावती द्या," ती म्हणाली.

"थांब गं, डाव बसतोय."

लंकाबाईनं पडद्याकडे पाहिलं. "हा तिसरा कशाला धरलाय?"

"बादशहा हाय तो! बादशहाला कुणी हाकलतं का?"

"पण त्याची जोडी कुठंय?"

शेजारच्या मशीनवरचा खंडेराव खो खो हसला. "वहिनी, हेच तर याला कळत नाय. राण्या धरून बाकीचे तीन सोडले तर तीन नवे पत्ते येतात. हा बादशहा बसवून ठेवतो, मग दोनच. तिसऱ्या राणीची वाट हाच अडवतो."

रंगनाथनं रागानं बटण दाबलं. दोन भिकार पत्ते आले. "मशीनच हरामखोर हाय!" तो म्हणाला. नाचता येईना, अंगण वाकडं.

लंकाबाईनं त्याच्या खिशातून पावती काढली. मागच्या बाजूला लाल पेनानं लिहिलं होतं : बादशहा सोडू नये. एक्का सोडू नये.

"हो पुढं, एवढा डाव खेळून आलोच," रंगनाथ म्हणाला. त्यानं मान वर केली नाही.

ती पोचली तेव्हा तिचं नाव दुसऱ्यांदा पुकारत होते. कारकुनानं पावती उलटीसुलटी केली. "हे मागं काय लिहिलंय, बाई?"

"नवऱ्याची अक्कल. पुढची बाजू बघा, सायेब."

रांग हसली. कारकूनही हसला आणि वही पुढे ओढून म्हणाला, "सतरा नंबर. सोबत आणखी एक नाव लावता येतं. मालकांचं लावू?"

लंकाबाईनं एकदा फाटकाकडे पाहिलं. तिथं कुणी नव्हतं.

"नको. हिचं लावा," ती म्हणाली आणि सुवर्णाला दंडाला धरून पुढे केलं.

बारा वाजता रंगनाथ केस विंचरत आला. "कितवा नंबर मिळाला आपल्याला?"

"आमाला सतरावा," लंकाबाई म्हणाली.