एकाच मोबाईलवरून शिष्यवृत्ती आणि देणगी

बँकेत कॅशियर म्हणून जन्म काढला, त्यामुळे नोट उजेडाकडे धरून बघितल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही. निवृत्तीनंतर डिचोलीच्या आमच्या संगीत मंडळाने मुलांच्या गायन शिबिराची ऑनलाइन नोंदणी माझ्या गळ्यात मारली, ती याच गुणावर. शिबीर मयेला, तळ्याकाठी. फॉर्ममध्ये शुल्काखाली दोन चौकोन होते. एक, ‘शिष्यवृत्ती हवी’. दुसरा, ‘देणगी द्यायची आहे’.

पहिल्या चौकोनात धडाधड खुणा पडायला लागल्या आणि माझं डोकं फिरलं. पणजीत दुकान असलेल्यांनाही शिष्यवृत्ती हवी! दारात दोन गाड्या, फॉर्ममध्ये गरिबी. देणगीच्या चौकोनाकडे मात्र कुणी ढुंकून बघेना. आपल्याकडे देवळाला तेल दिलं तरी नाव माईकवरून पुकारावं लागतं. फॉर्मला कुठला माईक?

मग सर्वण गावाहून एक अर्ज आला. वडील खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर, मूळचे सावंतवाडीकडचे. मुलीसाठी शिष्यवृत्ती मागितलेली, आणि त्याच मोबाईलवरून देणगीही! शुल्काच्या मानाने चिमूटभर, पण देणगीच.

एका हाताने घ्यायचं आणि दुसऱ्या हाताने द्यायचं? यात नक्की काहीतरी काळंबेरं आहे, असं वाटून मी मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला. वयाने ते माझ्याहून लहान, पण संशयात माझ्या वरचढ.

“ताई, देणगेक पयशे आसात, मगीर शुल्काक कित्याक नात? देणगी परत कर आनी नांव काड.”

देणगीला पैसे आहेत, मग शुल्काला का नाहीत, हा प्रश्न माझाही होता. शिष्यवृत्तीची ती शेवटची जागा होती. म्हटलं, नाव काढायचं तर आधी डोळ्यांनी बघून काढीन.

सर्वणला भाड्याच्या दोन खोल्या निघाल्या. मी आधी दारात गाडी शोधली. एक सायकल होती. मुलीच्या आईने चहा आणि उंडा पाव पुढे केला. चहा पुढे आला की मी जास्तच सावध होते. तो तसाच ठेवून सरळ विचारलं, शिष्यवृत्ती मागता, मग देणगी कशी देता?

ती माझ्याकडे बघतच राहिली. “बाई, देवळात प्रसाद घेतांव तेव्हा ताटात कायतरी घालतांव मां? तुमी चेडवाक शिकवतल्यात, जेवूक घालतल्यात. फुकटचा घशाखाली उतरना नाय.”

उत्तर इतकं सरळ होतं की मला त्याचाही संशय आला. शिकवून ठेवलं असेल! मी तडजोड सुचवली: देणगी परत घ्या, शिष्यवृत्ती मी राखते.

तिचा चेहरा कडक झाला. “पैसे परत दितल्यात तर माझा चेडू येवचा नाय.”

मुलगी इतका वेळ आतल्या दाराशी उभी होती. आईचं बोलणं ऐकून पुढे आली. “मावशी, माझा नाव काढलात काय?”

मला तिच्याकडे बघवेना. मी अंगणात गेले आणि अध्यक्षांना फोन लावला. सगळं ऐकून, मी फसले म्हणून ते हसले. “ती तुका फटयता गो ताई.”

“फटयली जाल्यार फटयली,” मी म्हटलं. “तिचें नांव रावूं दी.” हे वाक्य माझ्याच तोंडून निघालं, यावर माझा अजूनही नीट विश्वास बसत नाही. आत जाऊन गार झालेला चहा प्यायले.

शिबिराच्या पहिल्या सकाळी मुलगी सगळ्यांच्या आधी हजर होती. आईने दिलेला नारळ तिने माझ्या टेबलावर ठेवला आणि गायला पळाली. मी इकडेतिकडे बघितलं. कुणी नव्हतं. मग सवयीने तो नारळ कानाशी धरून हलवला.

पाणी भरपूर होतं.