सड्यावरची गौर

पौडहून ताम्हिणीकडे जाणारी एस.टी. सुटली, तेव्हा खिडकीच्या काचेवर बाहेरून पाणी आणि आतून वाफ होती. भाद्रपदातला गौरी आवाहनाचा दिवस. बायकांच्या पिशव्यांत शेपूच्या जुड्या आणि हळदीकुंकवाच्या पुड्या होत्या. माझ्या पिशवीत भिंग, छत्री आणि डबा. जी फुले वर्षानुवर्षे फळ्यावर काढून शिकवली, ती जागेवर जाऊन पाहायची, एवढाच निवृत्तीनंतरचा माझा बेत होता.

घाटाच्या अलीकडच्या एका फाट्यावर उतरले. तिथल्या वाडीच्या माथ्यावर सडा (खडकाळ सपाट पठार) आहे आणि गावाने तो फुलांसाठी राखला आहे. बी जमिनीत पडेपर्यंत तिथे गुरे चरत नाहीत, गवत कापले जात नाही, कोणी फूल तोडत नाही. राखणीची पाळी हिराबाईंची होती. तारेच्या फाटकाला कुलूप नव्हते. सुती दोरीची गाठ होती. ती त्यांनी सोडली.

“एकट्याच आलात, बरं केलंत,” त्या म्हणाल्या. “घोळका आला म्हंजी निम्मी फुलं फोटोपायी मरत्यात. बाई, पायवाट सोडू नका.”

मागे त्यांची सून अश्विनी होती, मंगळसूत्राचा नवेपणा अजून न गेलेली.

सड्यावर आधी रंग दिसतात, फुले नंतर. असा सडा पाहताना मातीची जाडी पाहावी. मग सारी मांडणी उलगडते. कडेला वीतभर माती, तिथे सोनकीचा पिवळाधमक पट्टा. पाणी झिरपते त्या घळीत तेरड्याची गुलाबी दाटी. आणि मध्ये, जिथे कातळावर मातीचा नुसता लेप, तिथे बोटभर उंचीची जांभळी सीतेची आसवे. या इवल्या फुलाला कातळावर पुरेसे पोषण मिळत नाही, म्हणून ते पाण्यातले सूक्ष्म जीव आपल्या बारीक पिशव्यांत पकडते. फळ्यावर मी ते नेहमी हातभर मोठे काढत असे. इथे ते वाऱ्यासरशी हजारोंनी एकदम मान हलवत होते. मी किती वेळ उभी होते, सांगता येणार नाही.

मागे सासू-सुनेत काही चालले होते.

“आत्या, एकच घेऊ या की. माजी पयली गौर हाय.”

या भागात तेरड्याचे मुळासकट रोप हीच गौर. तिची मुळे ही गौरीची पावले मानतात. एरवी ती शेताच्या बांधावरून आणतात. यंदा बांधांवर तणनाशक मारलेले. तेरडा सोडाच, गवतही उरले नव्हते. उरला होता तो तारेच्या आत, घळभर.

“काल खालच्या वाडीच्या दोघी आल्या व्हत्या,” हिराबाई म्हणाल्या. “त्यास्नी रिकाम्या हातानं परत लावलं. आज मी घेतली आन् त्या हळदीकुंकवाला आल्या, तर मी कुटं बघू?”

“मग काय मांडायचं?”

“खड्यांची गौर मांडू.”

“माज्या माहेरची हसत्याल.”

“हसू दे. दात हायेत त्यांना.”

अश्विनीचे डोळे भरले. माझ्यासमोर हे घडावे याचा संकोच वाटून मी भिंग काढले आणि घळीच्या कडेच्या सीतेच्या आसवांवर वाकले. कातळावर शेवाळ होते. पाय सटकला. घळीत घसरताना हाताला लागले ते धरले. थांबले तेव्हा गुडघा फुटला होता आणि मुठीत तेरड्याची तीन रोपे होती, मुळासकट.

“लागलं का?” हिराबाई धावत आल्या. मग त्यांची नजर मुठीवर गेली. नियम मोडला होता, तोही माझ्यासारखीने.

अश्विनी हळूच म्हणाली, “आत्या, गौर आपल्या पायानं आली.”

हिराबाईंनी मुळे बोटांनी चाचपली. माती झडून गेली होती, रोपे पुन्हा लावून जगणार नव्हती. शेवटी त्यांनी तिन्ही रोपे पदरात घेतली.

मलाही त्या घरी घेऊन गेल्या. उंबऱ्यावर एका रोपाच्या मुळांवर दूधपाणी घातले. आतून शेजारणीने रीतीप्रमाणे विचारले, “गौर आली, कशाच्या पावलानं आली?”

“घसरत्या पावलानं!” अश्विनी म्हणाली, आणि घर हसले.

“आसं हाय व्हय?” शेजारीण म्हणाली. “म्होरल्या वर्षी आमी बी पडतो घसरून!”

“पड की,” हिराबाई म्हणाल्या. “आधी बाईंसारखा गुडघा फोडून दाखव.”

माझ्या गुडघ्यावर हळद लावून त्यांनी मला शेपूची भाजी आणि भाकरी वाढली. निघताना उरलेली दोन रोपे ओल्या फडक्यात बांधून माझ्या हाती दिली. “तुमच्या वाटंवरच खालची वाडी हाय. कालच्या त्या दोघींना द्या. कशी आली तेबी सांगा, लपवू नका.”

मी सांगितले. दोघींनी आधी रोपांकडे, मग गुडघ्याकडे पाहिले. त्यातली थोरली म्हणाली, “हिराला म्हणावं, सांच्याला येतो हळदीकुंकवाला.”

परतीच्या बसमध्ये धुक्याआड सडा दिसेनासा झाला. नखांत तिथली माती होती. फाटकाच्या दोरीची ती गाठ लहान मूलही सोडू शकेल. तिच्या भरवशावर एवढा सडा कसा राहतो, हे सकाळी मला पडलेले कोडे होते. आता वाटले, सांजेला एकमेकींच्या घरी हळदीकुंकवाला जायचे असते, म्हणूनच.