कोंडवाड्यातला गवा

बहात्तरच्या दुष्काळात शिरूर तालुक्यातल्या, भीमेकाठच्या आमच्या गावात एक गवा आला. घाटातलं पाणी आटलं म्हणून नदीच्या कोरड्या पात्रानं उतरत आला असावा. गवे तेव्हा घाटातही मोजकेच उरले होते. आमच्याकडे तर कुणी पाहिलाच नव्हता. हा कुणाच्या तरी कडवळात शिरला, गडी काठ्या घेऊन धावले, आणि तो गावच्या गुरांमागोमाग मुकाट चालत कोंडवाड्यात गेला. पांढरे मोजे घातल्यासारखे पाय असलेला हा रेडा कुणाचा, यावर पारावर वाद झाला. मालक येऊन दंड भरेपर्यंत डांबून ठेवायचं ठरलं.

कोंडवाडा माझ्या वडिलांच्या ताब्यात होता. तिथं एकही जनावर कधी दगावलं नव्हतं, याचा त्यांना अभिमान होता. गवा मात्र पाण्याला तोंड लावेना. भिंतीवर माणसं बसलेली असेपर्यंत तो हौदाकडे फिरकत नव्हता, आणि माणसं उठत नव्हती.

शिरूरहून आलेल्या गुरांच्या डॉक्टरांनी हा गवा असल्याचं सांगितलं. त्यासरशी आरोपीचा पाहुणा झाला. सरपंचांनी वनखात्याच्या पुण्यातल्या साहेबांना बोलावणं धाडलं, फोटोवाला ठरवला, फाटकाला आंब्याचे डहाळे बांधले. माणसांची गर्दी वाढली.

मी दौंडला नोकरीला होतो, सुटीवर आलो होतो. वडिलांबरोबर सरपंचांकडे गेलो.

"आप्पा, माणसं हटवा," वडील त्यांना म्हणाले. "मी फाटक उघडतो, त्यो नदीनं जाईल. पानी पीत न्हाई."

"उद्या साहेब रेल्वेनं केडगावला उतरत्यात. त्यांना काय रिकामा कोंडवाडा दावू?"

"मेला तर?"

"तुझ्या हातनं कवा मेलंय व्हय एक तरी?" सरपंच हसले.

साहेब दुपारी स्टेशनवरून जीपनं आले. गवा सकाळीच दगावला होता. आणलेला हार वाया जाऊ नये म्हणून शिंगांत अडकवला. साहेब वनसंपत्तीवर बोलले. फोटोवाल्यानं डोळ्यांवरच्या माश्या तेवढ्या हाकलायला लावल्या.

जीप गेल्यावर सरपंचांचा माणूस आमच्या वस्तीत आला; मेलेलं ओढून न्यायचं होतं. धर्मांतरानंतर आम्ही ते काम सोडलंय, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

वडील उंबऱ्यातच बसले होते. "जिता हुता तवा सोडू दिला न्हाई," ते म्हणाले. "आता ज्यांनी हार घातला, त्यांनीच न्यावा."

कुणी नेला नाही. वास चावडीपर्यंत पोचला तेव्हा पंचायतीनं ट्रॅक्टर आणला. फुगलेला गवा फाटकातून निघेना. शेवटी भिंत पाडली.