चोला सोडला त्या शनिवारी

जमिनीची मोजणी हे माझं काम. पांढुर्णा आणि सौसर या दोन तहसिलींतच माझी सारी नोकरी झाली. जिथे दोन शेतांमध्ये रेघ ओढता येत नाही, तिथे माझा जीव अजूनही अस्वस्थ होतो. देवावर माझा अविश्वास नव्हता, पण त्याच्याकडे काही मागावं असं कधी वाटलं नाही. जे मोजता येतं ते नीट मोजावं आणि बाकीच्याबद्दल बोलू नये, अशी माझी समजूत होती. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतो. जसं घडलं तेवढंच सांगतो.

माझी पत्नी सुमन पांढुर्ण्याच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. शाळेत ती मुलांकडून पोपट, फुलदाणी, पोळ्याचे बैल काढून घ्यायची, पण घरी मागच्या खोलीत स्वतःसाठी रंगवायची त्या चित्रांत काहीच नसायचं. झाड नाही, माणूस नाही, घर नाही. एक रंग दुसऱ्यात शिरलेला, आणि कुठे संपतो ते कळू नये असा. लग्नानंतर मी पहिल्यांदा विचारलं, "हे काय आहे?" ती म्हणाली, "काही नाही. रंग हाय." पुढे प्रत्येक चित्रापुढे मी तेच विचारत गेलो आणि ती तेच सांगत गेली. घरात तो एक विनोदच होऊन बसला. "तुम्ही रंगाले बी विचारता, तू कोणाच्या नावावर हायेस," ती एकदा म्हणाली. "रंगाचा खसरा निघत नाही, पटवारीसाहेब." खसरा म्हणजे आमच्याकडचा जमिनीचा उतारा. मी हसलो आणि चहा मागितला. तिला अजून काही बोलायचं होतं, हे मला आज कळतं.

मग तिच्या डोळ्यांचा पडदा खराब होऊ लागला. साखरेचा आजार जुना होता, औषधं वेळेवर होती, तरी झालं. नागपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, आणि उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही. मी पुन्हा पुन्हा विचारलं, अंदाजे तरी? ते म्हणाले, अंदाज दिला तर तुम्ही तोच धरून बसाल. परतीच्या वाटेवर तिगाव मागे पडलं. तेव्हा ती म्हणाली, "एक चित्र राहिलं हाय. तेवढं झालं पाहिजे."

ते चित्र मागच्या खोलीत उभं होतं. खाली गडद, जवळजवळ काळा रंग, वर राखाडी, आणि मधली जागा कोरी. तिथे तिला एक नारंगी हवा होता आणि तो जमत नव्हता. ती रंग कालवायची, लावायची, डोळा कापडाजवळ नेऊन पाहायची आणि खरवडून टाकायची. मी सौसरच्या एका बागेतून चांगली पिकलेली संत्री आणली आणि ओळीने चित्राखाली मांडून ठेवली. म्हटलं, घे, पाहून लाव. ती बराच वेळ हसली. "बाप्पा, तुम्ही तं नमुनाच आणला. मले संत्र्याचा रंग नाही पाहिजे."

"मग कोणाचा?"

"कोणाचाच नाही. गरम पाहिजे, पण पोळणारा नाही. घरात कोणी जागं हाय, असा."

मला काहीच कळलं नाही. संत्री आम्ही खाऊन टाकली.

रामाकोन्याच्या पलीकडे एका गावाच्या शिवेवर मारुती आहे. माझ्या बहिणीच्या आग्रहाने एका शनिवारी आम्ही तिथे गेलो. मूर्ती अशी नाहीच. उभा दगड, त्याला नाक-डोळे नाहीत, हात नाहीत, गदा नाही. पिढ्यान्‌पिढ्या चढवलेला शेंदूर तेवढा. शिवेचे असे दगड मी नोकरीत खूप पाहिले होते, त्यावरून मापंही घेतली होती. मी मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं, हिची उरलेली नजर राहू दे.

पोचलो तर माणसांची गर्दी. त्या पहाटे मारुतीने चोला सोडला होता. शेंदराचे थर फार जड झाले की अंगरख्यासारखे एकदम निखळून पडतात, त्याला आमच्याकडे असं म्हणतात. दगड उघडा, ओलसर काळा, लहानसा दिसत होता. बाया हात जोडून उभ्या होत्या. देव स्वतःच अंगावरचं सगळं उतरवून बसलेला असताना मला हिची नजर मागता येईना.

पडलेला चोला घरी नेत नाहीत, कन्हान नदीत सोडतात. पण गावकऱ्यांचा ट्रॅक्टर बंद पडला होता. पांढरा पंचा डोक्याला गुंडाळलेले एक म्हातारे थेट माझ्याकडे आले. "भाऊ, ते गाडी तुमचीच काय?"

"हो."

"मंग चला नं. मारुतीले पायी नेता काय कन्हानपर्यंत?"

"सीटवर शेंदूर लागेल," मी म्हणालो.

"लागू द्या," सुमन म्हणाली.

"वहिनीले समजलं," म्हातारे म्हणाले, आणि त्यांनी धोतरात बांधलेलं चोल्याचं गाठोडं तिच्या मांडीवरच ठेवलं आणि स्वतः मागे बसले. आमची काही ओळख नव्हती. तिचे डोळे जात आहेत हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

नदीवर ऊन थेट पडलं होतं. गाठोड्याची गाठ सोडली तेव्हा एक मोठा तुकडा तिने दोन्ही हातांत घेतला. तुटलेल्या कडेवर थर दिसत होते. आत जुना, जवळजवळ तपकिरी, मग वीटकरी, मग बाहेर येत येत उजळत गेलेला. मी पाहिलं, पण मला थरच दिसले. तिने तो तुकडा पार पापणीशी नेला. नंतर चेहरा वर केला तेव्हा तिच्या कपाळाला, नाकाला शेंदूर लागला होता. "हाच," ती एवढंच म्हणाली. माझं लगेच सुरू झालं, "चिमूटभर ठेवून घे, घरी जुळवायला." तिने मान हलवली. "ते नदीचं हाय. मले दिसलं." आणि तुकडा पाण्यात सोडला. पाणी क्षणभर लाल झालं आणि पुन्हा पाण्यासारखं झालं. म्हाताऱ्यांना परत सोडतो म्हटलं तर ते म्हणाले, माझं घर इथंच अल्याड हाय, आणि काठाने निघून गेले.

उन्हामुळे दिसलं असेल. डॉक्टरांनीही सांगितलं होतं की भरपूर उजेडात तिला थोडं जास्त दिसेल. मी वाद घालत नाही. नजर मागायला गेलो होतो आणि ती मागितलीही नाही. जे मिळालं ते मागायचं मला सुचलंच नसतं. तिने अंगणात बसून ते चित्र पूर्ण केलं. त्यानंतर थंडी सरायच्या आत दोन्ही डोळ्यांत फक्त उजेड-अंधार उरला.

शेंदूर लागलेलं सीटचं कापड मी अजून धुतलेलं नाही. मारुतीवर नवा शेंदूर चढू लागला आहे. आम्ही जातो, उभे राहतो, मी काही मागत नाही. कृतज्ञता आहे, पण तिच्या आत एक सल आहे आणि तो जात नाही. ती सांगू शकत होती तेव्हा मी चुकीचा प्रश्न विचारत राहिलो. आता मला त्या चित्रासमोर तासभर बसवतं, आणि तिला ते दिसत नाही.

आता विचारते ती. रोज संध्याकाळी चित्रासमोर खुर्ची ओढून बसते आणि म्हणते, "काय दिसून राहिलं, सांगा न." सुरुवातीला मी सांगायचो, डावीकडून हातभर जागा सोडून नारंगी सुरू होतो, वर निमुळता होत जातो. ती म्हणायची, "मोजणी नका करू जी." 

परवा तिने पुन्हा विचारलं. मी बराच वेळ पाहत राहिलो. रेघ शोधायचं सोडून दिलं.

"काही नाही," मी म्हणालो. "रंग आहे."

"कसा?"

"घरात कोणी जागं आहे, असा."

तिने हात पुढे केला आणि माझ्या खुर्चीचा हात चाचपडत मनगटापर्यंत आली. "मग दिवा नका लावू," ती म्हणाली. "बसा."