तिसऱ्या दिवसाचं वजन

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी सांगते आणि सांगत राहणार, त्यात लाजायचं काय? बेंबळीहून एसटीनं धाराशिवला जाऊन शिकले आणि आरोग्याच्या कामांचं मूल्यमापन करणाऱ्या एका संस्थेत लागले. गावोगावच्या आशाताईंना प्रशिक्षण द्यायचं आणि वर्षभरानं त्यांचंच काम तपासायचं. आपणच शिकवायचं, आपणच तपासायचं. तेव्हा मला त्यात काही खटकलं नाही. त्या तपासणीत एका बाईचं काम माझ्या हातानं गेलं, आणि एक गोष्ट मी अहवालात लिहिली नाही. ती इथं लिहिते.

ईट गावाकडच्या खेड्यांतल्या आशांचं प्रशिक्षण होतं. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की तिसऱ्या दिवशी जायचं, बाळाला झोळीत घालून वजन करायचं, अंग गार पडलंय का बघायचं, फॉर्म भरायचा. मी सांगत होते तेवढ्यात मागून एक आशा उठली. माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी.

"मॅडम, पाचवी पुजल्याबिगर आत कुणाला घेत न्हाईत. काटा घिऊन उंबऱ्यावरच बसायचं का?"

"उंबऱ्याचंच वजन कर की मग!" शेजारची म्हणाली, आणि सगळ्या बाया हसल्या.

मला ठाऊक नव्हतं असं नाही. धाकट्या भावाच्या वेळी माझ्या सख्ख्या मावशीला आईच्या खोलीबाहेर पाच दिवस थांबवलेलं मी बघितलंय. पण पुण्याहून आलेल्या आमच्या संस्थेच्या मोठ्या बाई शेजारच्या खुर्चीत होत्या. त्यांच्यासमोर मला त्या बायांमधली एक दिसायचं नव्हतं. मी ताडकन म्हणाले, "ताई, घरच्यांना समजावून सांगायचं. त्यासाठीच तर तुम्ही आहात. एकही रकाना रिकामा चालणार नाही. रिकामा रकाना म्हणजे न केलेलं काम."

"व्हय मॅडम," म्हणून ती खाली बसली.

वर्षानं तपासणीला गेले, तर तिचे फॉर्म सगळ्यांत नीटनेटके. दहा-बारा चाळल्यावर मात्र माझा हात थांबला. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं घटतंच. हिच्याकडं एकाचंही घटलं नव्हतं. दवाखान्याच्या कार्डावरचा आकडा तिनं तसाच तिसऱ्या दिवसाखाली लिहिला होता.

त्यातला एक फॉर्म पुढं भरलेलाच नव्हता. बाळ सहाव्या दिवशी गेलं होतं. मुलगी.

मी त्या घरी गेले. बाळाची आजी अंगणात तूर पाखडत होती.

"आशाताई आल्या होत्या का, तिसऱ्या दिवशी?"

"आली की. दारातनंच इचारलं, पोरगी दूध वढती का. म्या म्हणलं, वढती. पाचवी झाली न्हवती बाई, आत कशी घ्यावी? आमी काय येडे हाव?" मग तिनं सूप खाली ठेवलं. "पर वढत न्हवती वो. आमाला वाटलं, झोपाळू हाय लेकरू."

मी विचारल्यावर आशाताईंनीही काही लपवलं नाही. "रिकामं ठिवू नका म्हणलात. न्हाय ठिवलं."

अहवालात मी लिहिलं, नोंदी प्रत्यक्ष न मोजता भरलेल्या आहेत. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. प्रशिक्षणात तिनं काय विचारलं आणि मी काय उत्तर दिलं, तेवढं लिहिलं नाही. तिला काढून टाकलं. आशांना पुन्हा प्रशिक्षण द्यावं, अशी शिफारसही मीच केली होती. ते कामही मलाच मिळालं.

त्या फेरीत तिच्या घरी गेले, माफी मागायची असं ठरवून. ती म्हशीला वैरण टाकत होती. "या मॅडम," म्हणाली, बाज टाकली, चहा ठेवला. "ताई, त्या दिवशी तुम्ही विचारलं होतं..." एवढंच माझ्या तोंडातून निघालं. तिनं हातानं थांबवलं.

"ते जाऊ द्या. काम गेलं त्याचं काई न्हाय. तुम्ही शिकलेल्या, एक सांगा. म्या आत गेले असते, तर ती पोर वाचली असती का?"

अशा प्रश्नावर मी सभेत तासभर बोलू शकते. एका बाळाबद्दल ठाम सांगता येत नाही, हेही खरं. पण मला तिचं ओझं कमी करायचं होतं. माझंही.

"नसती वाचली, ताई."

तिनं चहा गाळला. "बारकं लेकरू आईच्या छातीला उघडं लावायचं, वाटी-चमच्यानं दूध पाजायचं, गाडी बोलवायची. तुम्हीच शिकवलं. मला समदं पाठ हाय." चहाची कपबशी माझ्या हातात देत म्हणाली, "आता तरी खरं बोला की वो मॅडम."

ती समोर उकिडवी बसून वाट बघत होती. चहा निम्मा झाल्यावर मी म्हणाले, "वाचली असती कदाचित."

ती उठून म्हशीकडं गेली आणि माझ्याकडं पाठ करून वैरण सारत राहिली.